रात्रपाळीत ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार कोणाला असावा?

प्रश्न : परिचारिका, सिंहगड रस्ता

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे आणि मागील दिवाळीपासून एका साठ खाटांच्या खासगी रुग्णालयात गुणवत्ता समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. आमचे रुग्णालय सध्या एनएबीएचच्या (रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या) एंट्री लेव्हल, म्हणजे प्राथमिक पातळीच्या, प्रमाणपत्राची तयारी करीत आहे. एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती) लिहून झाल्या आहेत, जिन्याजवळ हिरवे बाण लागले आहेत, नोंदवह्या रोज भरल्या जात आहेत आणि व्यवस्थापन समाधानी आहे. मला मात्र गेल्या महिन्यापासून स्वस्थ झोप लागत नाही, आणि त्याचे कारण इथे सविस्तर मांडते.

दिवसा घेतलेल्या आगीच्या दोन रंगीत तालमी उत्तम पार पडल्या होत्या. तिसरी तालीम मी रात्री अडीच वाजता घेतली. तिची कल्पना फक्त वैद्यकीय संचालकांना आणि अतिदक्षता विभागातील ड्यूटी डॉक्टरांना होती. चार नंबरच्या खाटेवरील एसीतून धूर येतो आहे, असे मी ड्यूटीवरच्या सिस्टरला सांगितले. ही मुलगी चार वर्षांच्या अनुभवाची आहे आणि कामाला अतिशय नीट आहे. तिने आधी रात्रीच्या पर्यवेक्षकांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग मेंटेनन्सच्या माणसाला लावला. तो तळघरात जनरेटरजवळ होता आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. शेवटी ती दाराबाहेरच्या ऑक्सिजन व्हॉल्व्हच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिली, हात काचेपर्यंत नेला आणि मागे घेतला. नंतर ती मला म्हणाली, "मॅडम, ह्याला हात लावायचा नाही, असं मला जॉईन झाले त्याच दिवशी सांगितलं होतं. मी बंद केला आणि आतला पेशंट गेला तर?" मी तिला काहीही उत्तर देऊ शकले नाही.

त्याच वेळी वॉर्डबॉय मामा मागच्या जिन्याच्या दाराची किल्ली शोधत होते. ती सुरक्षारक्षकाकडे होती आणि सुरक्षारक्षक फाटकाबाहेर उभी राहिलेली रिक्षा हटवायला गेला होता. रुग्ण म्हणून ठेवलेली पहिली गादी कक्षाबाहेर यायला अकरा मिनिटे लागली.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली, तेव्हा आत सतरा बाळे होती. त्यांपैकी दहा दगावली. ती वेळ मध्यरात्रीनंतरची होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली, तीही पहाटे तीनच्या सुमारास. आमच्याकडे अशा वेळी नऊ खाटांच्या अतिदक्षता विभागात दोन सिस्टर, एक डॉक्टर आणि एक मामा असतात.

माझे प्रश्न असे आहेत. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा निर्णय नेमका कोणी आणि कोणत्या क्रमाने घ्यावा? जिन्याच्या दाराचे कुलूप सुरक्षेसाठी लागते, हे मलाही मान्य आहे, मग त्याचे काय करावे? आणि कागदावर सर्व काही असताना रात्रीच्या माणसांपर्यंत ते पोहोचावे यासाठी आपापल्या ठिकाणी कोणी काय केले आहे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १ : निवृत्त मेट्रन, कोथरूड

ताई, सर्वप्रथम तुम्ही ती तालीम रात्री अडीचला घेतली, याबद्दल तुमचे मनापासून कौतुक करते. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिलेल्या बहुतेक तालमी सकाळी अकरा वाजता, चहा झाल्यावर, सर्व विभागप्रमुख हजर असताना झाल्या.

तुमच्या सिस्टरचा मागे घेतलेला हात हा तिचा दोष नाही, हे व्यवस्थापनाला लेखी कळवा. तिला जे शिकवले तेच तिने केले. आपल्याकडे नव्या मुलीला पहिल्या दिवशी "कशाला हात लावायचा नाही" याची यादी मिळते. "अमुक वेळी तुला कोणालाही न विचारता काय करायचे आहे" याची यादी कोणी देत नाही. जी मुलगी रात्री बारा तास रुग्णाजवळ उभी असते, तिला दिलेला अधिकार हा सर्वांत कमी असतो, आणि माझ्या मते आपल्या रुग्णालयांतील अर्ध्याहून अधिक असुरक्षितता इथून सुरू होते.

नोंदवह्यांविषयी एक प्रसंग सांगते. मी ज्या रुग्णालयातून निवृत्त झाले, तिथे क्रॅश कार्ट (तातडीच्या औषध-साधनांची ढकलगाडी) रोज प्रत्येक पाळीत तपासून तक्त्यावर सही करायची पद्धत होती. एकदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी मागील महिन्याचा तक्ता हातात घेतला. सर्व चौकटी भरलेल्या होत्या, अक्षर एकसारखे, पेनही एकच, आणि जूनच्या त्या तक्त्यात ३१ तारखेच्या चौकटीतही तीन पाळ्यांच्या तीन सह्या होत्या. मी कार्ट उघडली. घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पिवळट, मरत चाललेला होता आणि ॲड्रेनलिनच्या दोन अँप्यूलची मुदत एप्रिलमध्ये संपली होती. त्या दिवशी मी कोणालाही नोटीस दिली नाही. त्या मुलींना एकेकीला बसवून विचारले, तेव्हा कळले की पूर्ण कार्ट तपासायला वीस मिनिटे लागतात आणि सकाळच्या हँडओव्हरला ती वीस मिनिटे कुठूनही निघत नाहीत. मग आम्ही कार्टला क्रमांक असलेले प्लास्टिकचे तुटणारे सील लावले. सील शाबूत असेल तर रोज फक्त क्रमांक लिहायचा, कार्टच्या वर असलेले डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणि ऑक्सिजन सिलिंडर पाहायचे, आणि लॅरिंगोस्कोप व औषधांसकट संपूर्ण तपासणी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक वापरानंतर करायची. त्यानंतरच्या सह्या खऱ्या होत्या.

दुसरी गोष्ट चुकांच्या नोंदीची. ज्या रुग्णालयाच्या वहीत वर्षभरात एकही रुग्ण खाटेवरून पडलेला नाही आणि एकही औषध चुकलेले नाही, त्या वहीवर मी विश्वास ठेवत नाही. "कारणे दाखवा" नोटीस मिळणार असेल तर कोणतीही मुलगी आपली चूक लिहिणार नाही. आमच्या पुरुष वॉर्डात एकदा तीन शिंदे एकाच वेळी दाखल होते. त्यांपैकी एकाचे इन्सुलिन दुसऱ्याच्या दंडाला टोचले जाणार होते. त्या आजोबांनीच "बाई, मला साखर नाही" असे म्हणून हात मागे घेतला. थोडक्यात टळलेली ही चूक त्या सिस्टरने स्वतः येऊन सांगितली, आणि तिने सांगितली म्हणूनच नाव आणि नोंदणी क्रमांक हे दोन्ही मनगटपट्टीवर वाचल्याशिवाय सुई पुढे न्यायची नाही, हा नियम आमच्याकडे खऱ्या अर्थाने रुजला. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात. तुमच्याकडेही अशा टळलेल्या चुका असतील. त्या तुमच्यापर्यंत येतात का, हे आधी पाहा.


उत्तर २ : भूलतज्ज्ञ, डेक्कन

मेट्रन मॅडमनी अधिकाराचा मुद्दा मांडला आहे, तो पुढे नेतो आणि व्हॉल्व्हच्या क्रमाविषयी थेट लिहितो.

दोन्ही बाजूंनी धोका आहे, हे प्रत्येक सिस्टरला समजावून सांगितले पाहिजे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, परंतु तो जिथे साचतो तिथे एरवी विझून जाणारी ठिणगी चादर, उशी, पडदा आणि प्लास्टिकच्या नळ्या पेटवते आणि आग काही सेकंदांत पसरते. म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवणे घातक आहे. दुसरीकडे, व्हेंटिलेटरवरील रुग्णाची पर्यायी सोय न करता तो बंद करणे हेही घातक आहे. आमच्याकडे ठरलेला क्रम असा आहे : धूर दिसताच मोठ्याने हाक द्यायची, धुराच्या सर्वांत जवळचा रुग्ण आधी हलवायचा आणि त्याच्या खाटेचा फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करायचे साधन) हलवण्यापूर्वीच बंद करायचा. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने व्हेंटिलेटरवरील रुग्णांना अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावायची. जे रुग्ण फक्त मास्कवर आहेत, त्यांना शक्य तसे लहान सिलिंडर द्यायचे. मग "व्हॉल्व्ह बंद करते आहे" असे मोठ्याने सांगून तो बंद करायचा. आग ऑक्सिजनच्या आउटलेटजवळच असेल, किंवा ज्वाला दिसत असतील, तर कशाचीही वाट पाहायची नाही.

यासाठी व्हेंटिलेटर असलेल्या प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक अँब्यू बॅग टांगलेली हवी, कपाटात कुलपात नव्हे. अँब्यू बॅगला ऑक्सिजन जोडलेला नसला तरी खोलीतील हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो आणि दारापर्यंतच्या दोन-तीन मिनिटांसाठी तो बहुतेक रुग्णांना तारतो, एवढे जरी सिस्टरला माहीत असले तरी तिचा हात मागे येणार नाही.

आमच्या पेटीवर पूर्वी "झोन २" असे लिहिलेले होते. झोन दोन म्हणजे कोणत्या खाटा, हे फक्त पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराला माहीत होते. आता तिथे ठळक मराठीत "खाट १ ते ५ चा ऑक्सिजन" असे लिहिले आहे, आणि त्याखाली "धूर किंवा आग असल्यास या पाळीच्या प्रमुख सिस्टरने बंद करावा. परवानगीची गरज नाही." अशी ओळ वैद्यकीय संचालकांच्या सहीसह चिकटवली आहे. त्या सहीला फार महत्त्व आहे.

सिलिंडरचा हिशेबही सर्वांना तोंडपाठ हवा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर दिला तर तो अडीच तास पुरतो. परंतु हाय फ्लोवर (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देताना) मिनिटाला साठ लिटर जात असेल तर पंचवीस मिनिटांत संपतो. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर दहा रुग्णांना प्रत्येकी दहा लिटरने सत्तर मिनिटे पुरेल. नाशिकच्या रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती होऊन मुख्य पुरवठ्याचा दाब पडला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. दाब पडल्याचा अलार्म आपल्याकडे कुठे वाजतो? तो फक्त मॅनिफोल्ड रूममध्ये (जिथे सिलिंडर मुख्य पाइपला जोडलेले असतात) वाजत असेल आणि तिथे रात्री कोणी नसेल, तर तो अलार्म नाहीच असे समजावे.

शस्त्रक्रियागृहातील एक उदाहरण देतो, कारण मूळ प्रश्न तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेपूर्वीची एकोणीस मुद्द्यांची यादी आणली. आठ शहरांतील रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीही होती, तिचा अभ्यास झाला आणि मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, तर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. त्या यादीत नवे असे तंत्रज्ञान काही नाही. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू, ॲलर्जी, अँटिबायोटिक दिले का, कापसाचे बोळे मोजले का, हे सर्व मोठ्याने म्हणायचे आहे. पण ते म्हणत असताना परिचारिकेला सर्जनला थांबवण्याचा हक्क मिळतो. जिथे ही यादी शस्त्रक्रिया संपल्यावर एका दमात टिक करून फाइलला लावली जाते, तिथे तो हक्क तिला कधी मिळतच नाही. व्हॉल्व्ह असो वा सुरी, जी व्यक्ती तिथे उभी आहे तिला थांबवता आले पाहिजे.


उत्तर ३ : लहान रुग्णालय चालवणारा डॉक्टर, हडपसर

वरील मते आदराने वाचली, तरीही एका मुद्द्यावर माझी अडचण स्पष्टपणे मांडतो. माझे वीस खाटांचे रुग्णालय आहे. उद्या सिस्टरने व्हॉल्व्ह बंद केला, धूर प्रत्यक्षात किरकोळ निघाला आणि रुग्णाला काही झाले, तर पोलीस ठाण्यात तिला आणि मला दोघांनाही उभे राहावे लागेल. अधिकार खाली देणे ऐकायला चांगले वाटते, पण त्याबरोबर जबाबदारीचे ओझेही अठरा-वीस हजार पगार असलेल्या मुलीच्या खांद्यावर जाते, हे न्याय्य आहे का? शिवाय माझ्याकडील परिचारिका वर्षभरही टिकत नाहीत. कोणी सरकारी भरतीत निघून जाते, कोणी परदेशात. मी आज शिकवलेली मुलगी पुढच्या गणपतीत माझ्याकडे असेलच असे नाही. मोठ्या रुग्णालयांसाठी लिहिलेल्या गोष्टी आमच्यासारख्यांनी कशा टिकवायच्या, हे कोणी सांगेल का?


भूलतज्ज्ञ, डेक्कन

डॉक्टरसाहेब, आपली भीती खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. म्हणूनच मी संचालकांच्या सहीचा उल्लेख केला. त्या कागदाचा अर्थ असा की सद्भावनेने घेतलेल्या त्या निर्णयाची जबाबदारी रुग्णालयाने स्वतःवर घेतली आहे. आज असा कागद नसताना जबाबदारी कोणाची आहे, याचा विचार करावा. आजही ती त्याच मुलीची आहे. फरक इतकाच की तिच्या हातात आज काहीही लेखी नाही. असा आदेश काढण्यापूर्वी आपल्या वकिलांना मसुदा अवश्य दाखवावा, आम्हीही दाखवला होता.

परिचारिका टिकत नाहीत, यावर आमच्याकडे एकच उपाय चालला. नवीन मुलगी पहिली रात्रपाळी करण्यापूर्वी तिला सोबत घेऊन पंधरा मिनिटे चालायचे : ही व्हॉल्व्हची पेटी, हा जिना, हे एक्स्टिंग्विशर (आग विझवायचा सिलिंडर), ही अँब्यू बॅग, हा तळमजल्याचा फोन. प्रत्येक ठिकाणी तिने स्वतः हात लावून दाखवायचे. वीस खाटांच्या रुग्णालयात याला दहा मिनिटेही लागणार नाहीत आणि खर्च शून्य आहे.


उत्तर ४ : अग्निसुरक्षा सल्लागार, पिंपरी

जिन्याच्या कुलपाविषयी लिहितो. दाराला आतल्या बाजूने आडवा दांडा बसवून घ्या, जो शरीराने ढकलला की दार उघडते आणि बाहेरून मात्र उघडत नाही. त्याला लहानसा भोंगा जोडला की चोरीची आणि भेटीच्या वेळेबाहेर येणाऱ्या नातेवाइकांची तुमची अडचणही सुटते. किल्ली काचेच्या डबीत ठेवण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. धुरात काच फोडून किल्ली कुलपात घालणे अनुभवी जवानालाही जड जाते.

आगीत माणसे बहुधा धुराने जातात. कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ रोजी पहाटे एका रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तळघर वाहनतळासाठी होते आणि तिथे ज्वलनशील सामान साठवलेले होते. वरच्या मजल्यांवरील जे नव्वदच्या आसपास लोक दगावले, त्यांपैकी बहुतेकांपर्यंत ज्वाला पोहोचल्याच नव्हत्या; धूर पोहोचला होता. म्हणून रुग्ण बाहेर काढल्यावर त्या खोलीचे दार ओढून घेणे हे पहिल्या मिनिटातले सर्वांत मोलाचे काम आहे. अतिदक्षता विभागातून थेट रस्त्यावर धावायचे नसते. त्याच मजल्यावर आगीपासून वेगळ्या केलेल्या दुसऱ्या भागात, दोन बंद दारांच्या पलीकडे रुग्ण न्यायचे आणि तिथे श्वास स्थिर करून मग जिन्याचा किंवा रॅम्पचा विचार करायचा. अकरा मिनिटांतील बराच वेळ याने वाचेल. खाट दारातून निघत नसेल तर गादीसह रुग्ण जमिनीवर उतरवून दोघांनी चादरीच्या टोकांनी ओढायचे. याचा सराव मात्र धडधाकट कर्मचाऱ्याला गादीवर झोपवूनच करावा, कारण रिकामी गादी ओढून वजनाचा अंदाज येत नाही.

अतिदक्षता विभागातील एसी चोवीस तास चालतात. विभाग सुरू झाला तेव्हा सहा खाटा होत्या आणि आज नऊ आहेत, तर विजेचा भार पुन्हा मोजला आहे का? एक्स्टेन्शन बोर्डवर सिरिंज पंप आणि मोबाइलचे चार्जर एकत्र लावलेले मी जवळजवळ प्रत्येक पाहणीत पाहतो. सॅनिटायझरची बाटली स्विचबोर्डच्या बरोबर वर टांगू नये. एक्स्टिंग्विशरच्या बाबतीत लक्षात ठेवा की पावडरच्या सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा असतो, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर नसतो. तो वजन करूनच तपासावा लागतो. बाहेरून नवाकोरा दिसणारा आणि आतून रिकामा असलेला सिलिंडर मी एकाहून अधिक ठिकाणी उचलून दाखवला आहे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना "ब", वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावे लागते. ही संस्था येईल तेव्हा तुमची रात्रपाळीची एक सिस्टर आणि एक मामा तिच्याबरोबर फिरू द्यात. पंप प्रत्यक्ष सुरू करून, होजमधून पाणी सोडून दाखवायला सांगा.

जाता जाता एक गोष्ट, कारण तुम्ही सिंहगड रस्ता आणि तळघरातील जनरेटर हे दोन्ही लिहिले आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर तुमच्याच भागातील एकतानगरीत पुराचे पाणी कसे शिरले, ते तुम्हाला मी सांगायला नको. जनरेटर आणि मुख्य विद्युत पॅनेल तळघरात असेल तर पुराच्या रात्री तुमची मुख्य वीज आणि पर्यायी वीज एकाच वेळी जाईल. पॅनेल वर हलवणे खर्चाचे आहे. तोपर्यंत निदान व्हेंटिलेटरच्या बॅटऱ्या प्रत्यक्षात किती मिनिटे चालतात, हे यंत्र रुग्णाला जोडलेले नसताना प्लग काढून मोजा. धरणाच्या विसर्गाचा इशारा आल्यावर रुग्णालयात कोणाला फोन येणार, हेही पावसाळ्याआधी ठरवून ठेवा.


उत्तर ५ : एका रुग्णाची मुलगी, बिबवेवाडी

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, तरीही लिहावेसे वाटले. मागील वर्षी माझी आई एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस होती. त्या एकोणीस रात्री मी बाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून काढल्या. माझ्यासारखे आणखी पंचवीस-तीस जण तिथे झोपलेले असत. आमच्या डोक्यावर हिरवा बाण होता आणि त्याच्या दिशेने गेले की जे दार लागत असे, त्याच्यासमोर दोन मोडक्या व्हीलचेअर आणि एक सोफा ठेवलेला होता.

आपण सर्वजण रुग्ण आणि कर्मचारी मोजत आहात, परंतु रात्री त्या मजल्यावर रुग्णांच्या दुपटीने नातेवाईक असतात आणि ते कोणत्याही वहीत नसतात. आग लागली असती तर आम्ही सर्वजण आतल्या दिशेने, आपापल्या माणसाकडे धावलो असतो. दाखल करताना आमच्याकडून इतक्या सह्या घेतल्या जातात. त्याच वेळी दोन वाक्यांत "असे झाले तर तुम्ही इथे जाऊन उभे राहा, आत येऊ नका, आम्ही तुमच्या आईला त्या दाराने आणू" एवढे सांगितले असते तर मी ते ऐकले असते. आणि आमच्यातील धडधाकट लोकांना गादी ओढायला बोलावले असते तर आम्ही नक्कीच आलो असतो.


परिचारिका, सिंहगड रस्ता (सव्वा महिन्यानंतर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले आणि काय झाले नाही, ते कळवते.

व्हॉल्व्हविषयीचा आदेश निघाला. हडपसरच्या डॉक्टरांनी मांडलेली शंका आमच्या व्यवस्थापनानेही मांडली आणि मसुदा दोनदा वकिलांकडे जाऊन आला. पेटीवर आता खाटांचे क्रमांक आहेत. व्हेंटिलेटरच्या सहाही खाटांशी अँब्यू बॅग टांगल्या आहेत; मोजायला गेलो तेव्हा वापरण्याजोग्या फक्त चारच निघाल्या, दोन नव्या घेतल्या. ऑक्सिजनच्या दाबाचा अलार्म खरोखरच फक्त मॅनिफोल्ड रूममध्ये वाजत होता. त्याची तार आता सिस्टरांच्या टेबलापर्यंत आणली आहे. आडव्या दांड्याचे दार मागवले आहे, अजून आलेले नाही. तोपर्यंत रात्री त्या दाराला कुलूप न लावता तिथे एक रक्षक बसतो. पॅनेल तळघरातून वर आणण्यास यंदा नकार मिळाला आहे, तो विषय मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. व्हेंटिलेटरच्या बॅटऱ्या मोजल्या, तेव्हा एक यंत्र नऊ मिनिटांत बंद पडले. ते दुरुस्तीला गेले आहे.

बिबवेवाडीच्या ताईंचे उत्तर मी आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. आता रात्री दहा वाजता मजल्यावरील नातेवाइकांची मोजणी होते आणि त्यांना उभे राहण्याची जागा प्रत्यक्ष दाखवली जाते. पहिल्याच रात्री साठ खाटांच्या रुग्णालयात सत्त्याऐंशी नातेवाईक होते. आमच्या आपत्ती आराखड्यात हा आकडा कुठेच नव्हता.

रात्रीची दुसरी तालीम मागच्या गुरुवारी पहाटे सव्वातीन वाजता झाली. तीच सिस्टर ड्यूटीवर होती, हा योगायोग. मी पाळ्या पाहून ठरवले नव्हते. तिने मोठ्याने हाक दिली, अँब्यू लावायला दुसऱ्या सिस्टरला सांगितले, पेटीची काच उघडली, व्हॉल्व्हच्या दांड्यावर हात ठेवला आणि "खाट एक ते पाच, ऑक्सिजन बंद करते आहे" असे म्हणाली. तालमीत प्रत्यक्ष बंद करायचा नाही, हे ठरलेले होते. मामा आणि दोन नातेवाइकांनी गादीवर झोपलेल्या आमच्या फार्मासिस्टला ओढत पलीकडच्या वॉर्डात नेले. चार मिनिटे दहा सेकंद लागले. त्यांतील दीड मिनिट मधल्या दारात गेले, कारण तिथे सलाईनचे खोके रचून ठेवले होते. ते खोके त्याच रात्री हलवले. ते पुन्हा तिथे येऊ नयेत म्हणून स्टोअरला दुसरी जागा लागेल आणि ती अजून मिळालेली नाही. कोणी आपल्या रुग्णालयात सलाईनच्या साठ्याची सोय कशी केली आहे, हे सांगितले तर उपकार होतील.